पोटाखालून हात

हिरडेवाडी, तळेघर
१५ जून २०२५

प्रिय भरत,

तू व्यापाऱ्याकडून मिळवून दिलेली जुनी पिकअप गाडी वाडीत सुखरूप पोचली. हे सांगायला पंधरा दिवस लागले का, असं तू म्हणशील. लागले बाबा. इथे रेंज हवी तर डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर चढावं लागतं, आणि तिथून फोन केला तर तुला माझं बोलणं कमी आणि वारा जास्त ऐकू येईल. आयटीआयच्या होस्टेलात असताना सुट्टीत आपण एकमेकांना पत्रं लिहायचो, तीच सवय बरी. तळेघरला टाकलेलं पत्र तीन-चार दिवसांत पिंपरी पेंढारला पोचतं.

सगळी वाडी गाडी बघायला आली होती. रत्नाने बोनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आबा फेटा बांधून पुढे बसले आणि वाडीला तीन चकरा मारून झाल्या तरी उतरेनात. गाडीसाठी बेल्ह्याच्या बाजारात बैलजोडी विकून आल्यापासून ते कुणाशी धड बोलत नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा हसले. आता मात्र म्हणतात, "भरतनं मला गाडीखाली वाकून बघू दिलं न्हाई. बैल घेताना पोटाखालून हात फिरवल्याबिगर मी कदी दावं हातात घेतलं न्हाई." मी म्हटलं, आबा, भरतने हात फिरवलाय ना, मग तो तुमचाच हात.

गाडी कशासाठी घेतली हे तुला माहीत आहे. रत्नाला कार्तिकात दिवस भरतील. मागच्या खेपेला तिला झोळीत घालून तळेघरपर्यंत न्यावं लागलं, पोचेपर्यंत उशीर झाला आणि बाळ गेलं. या खेपेला ती गाडीत बसून जाणार. एवढं एक झालं की गाडीने पुढे काही नाही कमावलं तरी चालेल.

आता तक्रारी. गाडी डावीकडे ओढते. पुढचा डावा टायर आतल्या कडेने घासतोय. सकाळी जमिनीवर ऑइलचे चार थेंब दिसतात. क्लच जड आहे. यातलं घाबरण्यासारखं काही असेल तर कळव.

तुझा,
सुभाष

पिंपरी पेंढार
२१ जून २०२५

प्रिय सुभाष,

पत्र वाचून रुपाली म्हणाली, हल्ली पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, डोंगरातला माझा एक येडा मित्र लिहितो.

घाबरण्यासारखं काही नाही. जुनी गाडी म्हणजे नवी सून नव्हे, तिच्या सवयी आपणच शिकायच्या. इंजिन ऑइल आणि दोन्ही फिल्टर आधी बदल, मागच्याने कधी बदलले देव जाणे. थेंब ऑइल चेंबरच्या नटातून गळत असतील, तांब्याचा वॉशर टाक. क्लचची वायर सुकली असेल, तिला ऑइल पाज. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना आणि जॉइंट, जिथे जिथे ग्रीस भरायचं बोंडूक दिसेल तिथे दर पंधरा दिवसांनी ग्रीस मार. पावसाळ्यात आठ दिवसांनी मार. ब्रेकचे लायनर मी नवे टाकलेत, त्याची काळजी नको. डावीकडे ओढते ते अलाइनमेंट. घोडेगावला गेलास की करून घे, पण चाकांचंच कर. तिथली पोरं उगाच गाडी वर उचलतात आणि नसती कामं काढतात, त्यांना खाली घुसू देऊ नकोस.

एक महत्त्वाचं. गाडी खालून धुऊ नकोस. मी खाली डांबरासारखा काळा थर मारून घेतलाय, तुमच्याकडच्या पावसात गंज धरू नये म्हणून. पाण्याचा जोर लागला की तो निघतो. वरून पुसलीस तरी पुष्कळ.

आबांना सांग, हात नीट फिरवलाय.

भरत

हिरडेवाडी
१३ जुलै २०२५

प्रिय भरत,

तुझं पत्र सीटच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंय. ऑइल, फिल्टर, वॉशर, सगळं तू म्हणालास तसं केलं. थेंब थांबले. क्लच लोण्यासारखा झाला. घोडेगावच्या मेकॅनिकने गाडी उचलायला जॅक आणला, तर मी त्याला हाकललं. म्हणालो, ही पिंपरी पेंढारच्या डॉक्टरची पेशंट आहे. तो म्हणाला, मग त्यालाच विचारा टायर का खातेय. अलाइनमेंट करूनही गाडी थोडी डावीकडे जातेच.

तुझं अक्षर बघून होस्टेल आठवलं. डाव्या हाताने लिहितोस आणि सहीच्या शेवटी ते शेपूट काढतोस, अजून तसंच आहे. वेल्डिंगलाही तुझं तेच. सगळे डावीकडून उजवीकडे जोड मारायचे, तू उलटा यायचास आणि शेवटी रॉड उचलताना एक आकडा सोडायचास. सर म्हणायचे, पन्नास तुकडे मिसळून टाका, भरतचा मी डोळे मिटून काढीन. मी वर्षभरात आयटीआय सोडून घरी आलो, पण ते शेपूट लक्षात राहिलं.

आवणी चालू आहे. भाताची रोपं, माणसं, भाकरीची टोपली, सगळं गाडीत. शेजारच्या सावळारामच्या आईला परवा ताप चढला तर दीड तासात दवाखान्यात नेली. वाडी आता मला नावाने हाक मारत नाही, गाडीवाला म्हणते. एक मात्र आहे. खड्ड्यात वळवली की माझ्या पाठीमागे कट् असा आवाज येतो. फक्त माल भरलेला असला की. रत्ना म्हणते, गाडीचीही कंबर दुखत असेल, माझ्यासारखं.

श्रावणात वहिनींना आणि ईश्वरीला घेऊन ये. भीमाशंकर होईल, चार दिवस राहणं होईल. तळेघरच्या स्टँडवर गाडी घेऊन उभा राहीन.

सुभाष

पिंपरी पेंढार
१९ जुलै २०२५

प्रिय सुभाष,

आवाज पाट्याच्या रबरी बुशचा आहे. रबर बसलं की लोखंडाला लोखंड लागतं. सोबत दोन बुश पाठवतोय, टाकून घे. फरक नाही पडला तरी मनावर घेऊ नकोस, जुन्या गाडीला आवाज असतातच.

माल जपून भर. तुझ्याकडे कुठे कांदा, टोमॅटो आहे? भात, नाचणी, हिरडा, हलकाच माल. तेवढ्यापुरती गाडी दणकट आहे. माणसं जास्त भरू नकोस, पोलीस धरतात.

श्रावणात येतो. रविवारी दहा तारखेला. ईश्वरी रोज दिवस मोजतेय.

भरत

हिरडेवाडी
१३ ऑगस्ट २०२५

प्रिय भरत,

तुम्ही येऊन गेलात आणि घर ओकंबोकं झालं. आबा अजून ईश्वरीच्या गोष्टी सांगतात.

पण गड्या, तू वाडीला हसायला विषय दिलास. मी गाडी धुऊनपुसून, पुढे फुलांची माळ घालून स्टँडवर उभा. आबा मागे, रत्ना पुढे, आणि तू एसटीतून उतरून म्हणतोस, आम्ही चालत येतो. अरे, तीन किलोमीटर, वर झिमझिम पाऊस. वहिनींच्या चपला चिखलात रुतत होत्या. तू ईश्वरीला खांद्यावर घेतलंस आणि तुमच्या मागून मी गाडी बैलाच्या चालीने चालवत आलो. वाडीतली अंबाबाई बांधावरून ओरडली, "पावणं पाईपाई आन् पिशव्या गाडीत, ह्यो कंचा रिवाज?"

तू म्हणालास, पोरीला गाडीत उलटी होते. मी ते खरं धरलं. पण दुसऱ्या दिवशी ती माझ्या कानात काय म्हणाली माहीत आहे? "काका, मला कधीच उलटी होत नाही. बाबांनी मला बसू दिलं नाही." लबाड आहे पोरगी, तुझ्यावरच गेलीय. भीमाशंकरलाही तू एसटीनेच नेलंस तिला. रत्ना म्हणाली, भरतभावजींना तुमच्या चालवण्याची भीती वाटत असेल. मी म्हटलं, नाही गं, आपली गाडी झिजू नये म्हणून जपतोय तो.

बुश टाकले. आवाज तसाच आहे. तू इथे असताना दाखवणार होतो, पण तू गाडीकडे फिरकलाच नाहीस. दोनदा विषय काढला, दोनदा तू भाताकडे बघत राहिलास. बरं नव्हतं का तुला? घरी काही आहे का? असेल तर सांग, मला परका समजू नकोस.

सुभाष

पिंपरी पेंढार
१९ ऑगस्ट २०२५

सुभाष,

बरा आहे. काम जास्त आहे. घरी काही नाही.

आवाजाचं मनातून काढून टाक. दिवाळीनंतर गाडी माझ्याकडे घेऊन ये, मी निवांत बघतो. तोवर गरजेपुरतीच चालव. रत्नावहिनींना नेण्यासाठी तळेघरच्या ॲम्ब्युलन्सचा नंबरही जवळ असू दे. गाडी असली तरी असू दे.

भरत

हिरडेवाडी
२२ सप्टेंबर २०२५

भरत,

काल आमच्याकडे भाद्रपदातला पोळा झाला. घरात बैल नसलेला हा पहिला पोळा. आबा सकाळपासून रिकाम्या गोठ्यात बसून होते. मी पुरणाचं ताट नेलं तर तोंड फिरवलं. मग दुपारी आपणच उठले आणि म्हणाले, "ह्योच आता आपला बैल. चल, वढ्याला न्हेऊ. धुवायचा तर नीट धुवायचा."

मी सांगितलं, खालून धुवायची नाही, भरतने बजावलंय. ते म्हणाले, "पोळ्याला बैलाचं प्वाट धुत न्हाईत व्हय?" सणाच्या दिवशी त्यांना दुखवावंसं वाटलं नाही. ओढ्याच्या उतारावर गाडी लावली, चाकांना दगड लावले. त्यांनी पेंढ्याची वेणी केली, वाळू घेतली आणि त्या वयात पाण्यात पाठ टेकून खाली शिरले. बैल घासायचे तसं घासत होते, तोंडाने च् च् करत होते. मी वर बोनेटला शिंगांचा लाल हिंगूळ लावत होतो.

मग त्यांचा आवाज आला. "सुभाष, हितं शिवान हाय. बैलाला टाके घातल्यात रं."

मी खाली शिरलो. केबिनच्या मागे, डाव्या बाजूची चेसी, म्हणजे गाडीचा कणाच, आरपार तुटलेली आहे. त्यावर पट्टी ठेवून वेल्डिंग मारलंय आणि त्यावर तुझा तो काळा थर. पट्टीच्या कडेला नवी चीर गेलीय, तिच्यात माझं नख शिरलं. कट् आवाज तिथून येतो. गाडी डावीकडे तिथूनच ओढते. टायर तिथूनच खाते.

पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते सांगतो. मला वाटलं, त्या व्यापाऱ्याने तुलाही फसवलं. तुला किती वाईट वाटेल, हे कसं कळवू, असा विचार करत मी उरलेला थर पुसत होतो. मग जोड पूर्ण दिसला. उजवीकडून डावीकडे गेलेला. शेवटी शेपूट.

पन्नास तुकड्यांतून सर काढायचे तसा मी ओळखला. डोळे मात्र मिटता आले नाहीत.

आबांना सांगितलं, व्यापाऱ्याने केलंय. का सांगितलं मलाच कळत नाही. तुझी अब्रू वाचवायला की माझी? मला एवढंच लिही, हे तू केव्हा केलंस आणि का.

सुभाष

पिंपरी पेंढार
२८ सप्टेंबर २०२५

सुभाष,

तुझं पत्र आलं तेव्हापासून हात कामावर चालत नाही. खोटं लिहायला बसलो होतो, एक पान लिहून फाडलं.

गाडी व्यापाऱ्याची नव्हती. कागदावर त्याचं नाव होतं. मोडलेली गाडी मीच त्याच्याकडून उचलली होती. कांद्याच्या हंगामात पाटे वाढवून दुप्पट माल वाहिला होता तिने, बेल्ह्याच्या वळणावर चेसी गेली. मी जोडली. माझ्या शेडमध्ये सहा महिने उभी होती. जो येईल तो खाली वाकून बघायचा आणि निघून जायचा. तू वाकला नाहीस. आबा वाकायला लागले तर मी त्यांचा हात धरला. तो हात धरलेला मला रोज आठवतो.

देवाशपथ सांगतो, जोड टिकेल असं मला वाटलं होतं. तुझा माल हलका, रस्ता थोडा. पट्टी जाड घातली होती. तुला संकटात टाकायचं असतं तर इतकी पत्रं लिहिली असती का, ग्रीस कुठे मार, ऑइल केव्हा बदल? मी माझ्या परीने जपत होतो तुला.

ईश्वरीचं विचारू नकोस. तुझ्या पत्रात तू विचारलं नाहीस, पण विचारशील.

आता ऐक. झालं ते झालं. दसऱ्याला गिऱ्हाइकं येतात. गाडी रिकामीच, हळू चालवत माझ्याकडे आणून दे. मी चीर भरून दुसरी पट्टी मारतो, परत थर देतो. लांबच्या जिल्ह्यातलं गिऱ्हाईक बघतो, आपल्या ओळखीत जाणार नाही. आबांना त्यांची बैलजोडी परत येईल. कुणाला काही कळायची गरज नाही.

रुपालीला यातलं काही माहीत नाही. तिला कळवू नकोस.

भरत

पिंपरी पेंढार
२० ऑक्टोबर २०२५

सुभाष,

तीन आठवडे झाले. दसरा गेला, दिवाळी आली. तुझं उत्तर नाही, गाडीही आली नाही. फोन लागत नाही. शिव्या दे, पण लिही. रत्नावहिनींचे दिवस जवळ आले असतील. त्या गाडीत त्यांना बसवू नकोस, तुझ्या पाया पडतो.

भरत

हिरडेवाडी, तळेघर
९ नोव्हेंबर २०२५

श्री. भरत यांस,
सप्रेम नमस्कार लिहिण्याची हाताला सवय आहे, म्हणून लिहीत नाही.

तुम्हाला तुम्ही म्हणतोय त्याचा राग मानू नका. सोळा वर्षं ज्याला तू म्हणत होतो तो माणूस कोण होता हे मला माहीत नाही. नव्या माणसाला आम्ही तुम्हीच म्हणतो.

दोन तारखेच्या पहाटे रत्नाला कळा सुरू झाल्या. सावळाराम सड्यावर फोन करायला पळाला. आम्ही चौघांनी तिला झोळीत घातलं आणि तळेघरपर्यंत नेलं, मागच्या वेळेसारखंच. आबा कंदील घेऊन पुढे. वाटेत ती दोनदा म्हणाली, आज गाडी असती तर हो? शेवटी म्हटलं, ती गाडी आजारी होती. ॲम्ब्युलन्स स्टँडवर येऊन थांबली होती, वाडीची खड्ड्यांची वाट तिला चढत नाही. घोडेगावला सकाळी नऊला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. झोळीच्या दोरीने माझा खांदा सोलला होता, तो आता भरत आलाय.

तुमचं अठ्ठावीस तारखेचं पत्र मी आबांना वाचून दाखवलं. सगळं. त्यांच्यापुढे मी एकदा तुमच्यासाठी खोटं बोललो होतो, ते फेडायचं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाजारात बैलाचं दात घासत्यात, शिंगं रंगवत्यात. म्या लई बघितलं. पर तितं गिऱ्हाईक न् इकणारा समोरासमोर आसत्यात. ह्यो तर आपल्या बाजूनं हुबा व्हता."

परत थर मारून लांबच्या जिल्ह्यात विकायची, हे तुम्ही लिहिलंत ते मी चार वेळा वाचलं. पहिलं कळू शकतं. शेडमध्ये अडकलेली गाडी, समोर न वाकणारा मित्र, माणसाचा पाय घसरतो. पण सगळं कबूल करून झाल्यावर, त्याच पानावर, तुम्हाला पुढचं गिऱ्हाईक दिसलं. तिथल्याही कुणा बाईला दिवस गेलेले असतील. मला सगळ्यात जास्त त्याचं लागलं.

म्हणून खंडेनवमीला, हत्यारं पुजून झाल्यावर, आम्ही बापलेकांनी आरीने चेसी कापली. तुमची पट्टी मधोमध. दोन दिवस लागले, पट्टी खरंच जाड होती. आता ती कुणालाच विकता येणार नाही. इंजिन चांगलं निघालं, तेवढं तुम्ही खरं सांगितलं होतं. ते सावळारामच्या पडवीत भात भरडायला लावतोय. मागचं फाळकं ओढ्यावर साकव म्हणून टाकलंय. सीट अंगणात आहे, आबा तिच्यावर बसून नातीला ऊन देतात. बैल पुढे कधीतरी घेऊ. तेव्हा आबा वाकतील आणि त्यांचा हात मी कुणाला धरू देणार नाही.

तुमची पत्रंही परत वाचली. ऑइल, ग्रीस, फिल्टर, सगळं बरोबर होतं. इतका नीट सल्ला मला कुणी दिला नव्हता. म्हणूनच माझ्या मनात शंका आली नाही.

ईश्वरीचं विचारू नका म्हणालात. नाही विचारत. त्या दिवशी तुम्ही तिला खांद्यावर घेऊन चिखलातून चाललात, आणि तुमच्या मागे, तुमच्या डोळ्यांसमोर, त्या गाडीत माझी बायको बसली होती, पोटात सहा महिन्यांचं बाळ घेऊन. तुम्ही मागे वळून दोनदा हात हलवलात. मीही हॉर्न वाजवला होता.

त्या पोरीला मी पत्रात लबाड म्हणालो होतो. तिला माझ्या वतीने सांगा, काका चुकले.

सोबत एक पुडकं आहे. जड आहे, पोस्टात वजन करताना बाईंनी विचारलं, काय आहे. मी म्हटलं, एका माणसाची वस्तू आहे, परत पाठवतोय. चेसीचा वीतभर तुकडा आहे. कापताना शेपूट शाबूत राहील एवढी काळजी घेतली आहे.

पोच देऊ नये.

सुभाष कुशाबा